किती फूट

"किती फूट?" त्रिशलानं विचारलं
आणि स्वतःच जीभ चावली.
सांगलीत वाढलेल्या माणसाला आकडा म्हटलं की
आयर्विन पुलाखालचं पाणीच आठवतं,
चढतंय का उतरतंय.

मी म्हटलं, एकशे चौऱ्याऐंशी.
पाचाच्या आत पाहिजे.

तिचे वडील रायगोंडा. मार्केट यार्डात चाळीस वर्षं
हळकुंड मोडून नुसत्या आवाजावर प्रत सांगणारे.
गुरुवारी पोत्यात रुतवायचा हमाली आकडा
चुकून त्यांच्या पोटरीत रुतला.
बोटभर जखम. चिमूटभर हळद दाबली
आणि पुन्हा सौद्याला उभे.
सोमवारी पाय मांडीपर्यंत लाल.
त्या आकड्याचा हा आकडा, माझ्या कागदावर.

रात्रपाळी. मशीन गरगरून थांबतं,
नळीत वर उरतो पिवळा द्रव.
त्यात मी जे मोजते ते पोटरीत बनत नाही,
बनतं उजव्या बरगड्यांखाली,
जिथं रायगोंडांना काहीच दुखत नव्हतं.

यकृताला कळलं कसं?
जुन्या सौद्यात कळायचं तसं, रुमालाखाली.
पोटरीतल्या पेशींनी रक्ताआडून
दोन बोटं दाबली,
भोवतालच्या गर्दीला काही दिसलं नाही,
भाव मात्र पोचला.

मग त्यानं रोजची कामं मागं सारली.
अल्ब्युमिन कमी केलं, ते बिनबोभाट राबणारं.
लोह दडवलं, कारण जंतूंना लोह लागतं;
हरिपुरात पेव भरून
वरची माती सारखी करायचे तसं.
आणि सीआरपी सोडलं, पोत्यांवर पोती,
जे जंतूच्या पाठीवर नुसता शिक्का मारतं:
हा माल उचला.
उचलणारे हमाल वेगळे.

याच घाईत काही प्रथिनं
आवरतं घ्यायलाही निघालेली असतात, पहिल्याच रात्री.
ती आमच्या रिपोर्टात येत नाहीत.

शिवाय हे तापाचं झालं. एरवीचं यकृत बघा.
हरिपूरला कृष्णेत वारणा मिळते
तशी त्याच्यात दोन रक्तं मिळतात:
एक हृदयाकडचं, लालभडक,
एक आतड्यांकडचं, गढूळ,
दुपारच्या आमटीचा, संध्याकाळच्या भडंगाचा
आणि पोटात मुक्कामाला असलेल्या
कोट्यवधी परक्यांचा गाळ घेऊन आलेलं.
काठाकाठानं राखणदार पेशी बसलेल्या.
त्या प्रत्येकावर धावून गेल्या
तर माणूस रोजच्या जेवणानंच आजारी पडेल.
त्या हुंगतात, काही गिळतात,
बरंचसं जाऊ देतात.
जाऊ देणं हीसुद्धा प्रतिकारशक्ती,
हे शिकायला मला अकरा वर्षं
आणि एक नवरा लागला.

"एकशे चौऱ्याऐंशी ऐकून काळजात धस्स झालं ओ,"
त्रिशला म्हणाली, हात छातीवर, डावीकडे.
मिरजेत माझ्या मामूंचं मटणाचं दुकान.
तिथं काळीज मागितलं की
तराजूत यकृतच पडतं.
मी तिला हे सांगितलं नाही, जैनाची पोर,
नुसतं म्हटलं,
हात जरा उजवीकडे घे, खाली.

बुधवारी एकशे सत्तर. सलाइन, इंजेक्शनं.
गुरुवारी शहाऐंशी.
रुमालाखालची बोटं सुटली की
हे पाणी दिवसाला निम्मं ओसरतं.
शुक्रवारी पंचेचाळीस.

त्यानंतर रायगोंडा स्वतः आले, लंगडत,
बाही वर करून बसले.
रक्त घेऊन झाल्यावर खिशातून
एक हळकुंड काढलं, माझ्या तळव्यावर ठेवलं.
मोडा म्हणाले.
मी मोडलं. मला आवाजातलं काही कळलं नाही.

ते मान तिरकी करून ऐकत होते.
"वरनं वाळलंय," म्हणाले, "आत ओल हाय अजून."

नळी मशीनमध्ये ठेवली.
एकतीस.